३० मार्च १८५३ : एका डच जन्मतारखेचा हिशेब

३६५ दिवस. नेदरलँड्सच्या दक्षिणेला, बेल्जियमच्या सीमेलगत झुंडर्ट नावाचं गाव आहे. तिथल्या प्रोटेस्टंट पाद्र्याच्या घरात झालेल्या पहिल्या दोन बाळंतपणांमध्ये नेमकं एवढं अंतर होतं. ३० मार्च १८५२ ला जन्मलेलं मूल मृत होतं. ३० मार्च १८५३ ला, बुधवारी सकाळी ११ वाजता जन्मलेलं मूल जगलं. दोघांचंही नाव व्हिन्सेंट. पहिल्या व्हिन्सेंटची छोटी कबर गावच्या चर्चच्या आवारात आजही आहे. दुसरा व्हिन्सेंट म्हणजे चित्रकार व्हॅन गॉग.

या योगायोगावर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मेलेल्या भावाचं नाव आणि त्याचीच जन्मतारीख घेऊन आलेला मुलगा आयुष्यभर त्या सावलीत वाढला, आईला तो कायम ‘बदली मूल’ वाटत राहिला, त्याच्या मनाच्या आजाराचं मूळ तिथे आहे, अशी ती मांडणी. मला ती पटत नाही. ज्या देशात आणि ज्या काळात ही तारीख पडली तिथले आकडे शेजारी ठेवले, की याच तारखेचा अर्थ बदलतो. कुठल्याही जुन्या डच जन्मतारखेचं तसंच आहे. नुसती तारीख वंशवृक्षात लिहून ठेवली तर ती मुकी राहते. ती कुठल्या वहीतली, कुठल्या दिनदर्शिकेतली आणि कुठल्या सालातली हे कळलं की त्या घरातली माणसं दिसू लागतात.

सात बाळंतपणं, सहा मुलं

आईचं नाव अॅना कार्बेंटस, जन्म १० सप्टेंबर १८१९. वडील थिओडोरस व्हॅन गॉग, जन्म ८ फेब्रुवारी १८२२. २१ मे १८५१ ला लग्न झालं तेव्हा ती ३१ वर्षांची आणि तो २९ चा. त्या काळी डच मुलींची लग्नं सरासरी सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी होत. अॅनाचं लग्न त्या मानानेही उशिराचं. दहा महिन्यांनी पहिलं बाळंतपण झालं. पुढची मुलं अशी : व्हिन्सेंट ३० मार्च १८५३, अॅना १७ फेब्रुवारी १८५५, थिओ १ मे १८५७, एलिझाबेथ १६ मे १८५९, विलेमिना १६ मार्च १८६२ आणि कॉर १७ मे १८६७. शेवटच्या बाळंतपणाच्या वेळी आईने सत्तेचाळिशी ओलांडली होती.

आता बाळंतपणांमधली अंतरं महिन्यांत मांडू : १२, साडेबावीस, साडेसव्वीस, साडेचोवीस, ३४ आणि ६२. पहिलं अंतर पुढच्या तीन अंतरांच्या जवळजवळ निम्मं आहे. आई मुलाला अंगावर पाजत असली की पाळी परत यायला वेळ लागतो आणि पुढचं मूल लांबतं. मूल जन्मतःच गेलं तर हा अडसर उरत नाही. ३० मार्च १८५३ पासून नऊ महिने मागे मोजले, तर गर्भधारणा १८५२ च्या जूनअखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला झाली असं दिसतं. म्हणजे पहिल्या बाळंतपणानंतर साधारण तीन महिन्यांनी. नंतरची अंतरं दोन वर्षांच्या आसपास आहेत, त्यावरून अॅनाने पुढच्या मुलांना अंगावर पाजलं असावं. मृत मुलानंतर वर्षभराने दुसरं मूल होणं हे शरीराच्या नियमाला धरूनच होतं. वर्षाच्या अलीकडे-पलीकडे महिनाभराची मुभा धरली, तर नेमकी तीच तारीख पडण्याची शक्यता साठात एक येते. ही गोष्ट विरळा खरी, पण गूढ म्हणावं इतकी विरळा नाही.

नावाचंही तसंच. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव द्यायचं, ही डच घरांमधली जुनी रीत. थिओडोरसचे वडील व्हिन्सेंट व्हॅन गॉग (१७८९–१८७४) तेव्हा हयात होते आणि स्वतः पाद्री होते. आजोबांचं नाव घरात यायलाच हवं होतं. ते घेऊन आलेलं मूल गेलं, म्हणून नाव पुढच्याला मिळालं. डच नोंदवह्या चाळणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही. एकाच घरात एकाच नावाची दोन-दोन, तीन-तीन मुलं सापडतात आणि त्यांतलं शेवटचंच मोठं झालेलं असतं. वंशवृक्ष लिहिणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. पहिल्या मुलाची जन्मतारीख दुसऱ्याच्या नावावर चढते आणि पुढच्या पिढ्या ती तशीच उतरवून घेत राहतात.

ही रीत इतकी रुळली याचं कारण बालमृत्यूच्या आकड्यांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नेदरलँड्समध्ये जिवंत जन्मलेल्या दर १००० मुलांपैकी साधारण १८० ते २०० मुलं पहिला वाढदिवस पाहत नसत. झीलंड या समुद्रालगतच्या प्रांतात हा आकडा ३०० च्या घरात होता. खाऱ्या पाण्याने बिघडलेल्या विहिरी, हिवताप आणि तान्ह्यांना लवकर वरचं दूध-पेज सुरू करण्याची सवय, ही त्याची मोठी कारणं. फ्रीसलंडसारख्या उत्तरेकडच्या प्रांतात मुलं त्या मानाने खूपच अधिक जगत. म्हणजे एकाच साली जन्मलेल्या दोन डच मुलांची जगण्याची आशा गावागणिक वेगळी होती. आज त्या देशात हा आकडा हजारी ३ ते ४ आहे.

हे प्रमाण व्हॅन गॉगांच्या घराला लावून पाहू. पाचातलं एक मूल जातं असं धरलं, तर जिवंत जन्मलेली सहाच्या सहा मुलं वर्षाची होण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे चारात एक. या घरात सहाही मुलं नुसती वर्षाची झाली नाहीत, मोठी झाली. त्या काळच्या मानाने हे घर फार सुदैवी होतं. पाद्र्याचं कोरडं घर, स्वच्छ पाणी, पुरेसं अन्न आणि लिहिता-वाचता येणारी आई या गोष्टी त्यामागे असाव्यात. मृत मुलाचं दुःख अॅनाला झालं नसेल असं मी म्हणत नाही. कुठल्या आईला होत नाही? पण गावातल्या बहुतेक घरांत असं दुःख येऊन गेलेलं होतं आणि मुलाला गेलेल्या भावाचं नाव देणं शेजाऱ्यांना वावगं वाटलं नसतं. एकोणिसाव्या शतकातल्या आईला विसाव्या शतकातलं मानसशास्त्र लावणं हा तिच्यावर अन्याय आहे.

व्हिन्सेंटला मूलबाळ नव्हतं. वंश पुढे नेला तो थिओने. थिओचा मुलगा ३१ जानेवारी १८९० ला जन्मला आणि त्याचंही नाव व्हिन्सेंट ठेवलं. त्याच्या मुला-नातवंडांसाठी अॅना कार्बेंटस ही केवळ चरित्रातली आई राहत नाही, त्यांची पूर्वज ठरते.

आणखी एक आकडा हमखास चुकीचा वाचला जातो. त्या काळी नेदरलँड्समध्ये जन्माच्या वेळचं सरासरी आयुर्मान ३६ ते ४० वर्षांच्या दरम्यान होतं. व्हॅन गॉग २९ जुलै १८९० ला वारला तेव्हा ३७ वर्षांचा होता. म्हणजे तो ‘सरासरी’ वयात गेला का? मुळीच नाही. ही सरासरी खाली ओढतात ती पाळण्यात गेलेली मुलं. विशी गाठलेल्या माणसाला साठीच्या आसपास पोचण्याची वाजवी आशा असे. थिओडोरस ६३ व्या वर्षी गेला, अॅना ८७ वर्षं जगली. व्हिन्सेंट ३७ व्या, थिओ ३३ व्या आणि कॉर ३२ व्या वर्षी गेला. त्या काळाच्या मापानेही हे तीन मृत्यू अकालीच होते, आणि तिन्ही आईने पाहिले. आईच्या दुःखाविषयी लिहायचंच असेल, तर मला वाटतं १८५२ पेक्षा १८९० नंतरच्या दहा वर्षांविषयी लिहावं.

सकाळी अकरा वाजता

व्हॅन गॉग सकाळी ११ वाजता जन्मला हे आपल्याला कळतं, कारण डच जन्मनोंदीत वेळ लिहिलेली असे. ही पद्धत नेपोलियनच्या काळातली. १८१० मध्ये फ्रान्सने हॉलंड आपल्यात विलीन केला आणि १८११ पासून देशाच्या बहुतेक भागात सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी सुरू झाली. दक्षिणेकडचे जे भाग फ्रान्सने आधीच घेतले होते, तिथे ती १७९६ च्या सुमारासच आली होती. १८ ऑगस्ट १८११ च्या हुकमाने ज्यांना आडनाव नव्हतं त्यांना ते घ्यायला लावलं. हॉलंडमधल्या बहुतेकांना आडनावं होतीच. फ्रीसलंड, ग्रोनिंगनकडे मात्र बापाच्या नावावर भागवणारे पुष्कळ होते. तिथला पूर्वज १८११ च्या अलीकडे एका नावाने आणि पलीकडे दुसऱ्या नावाने सापडतो.

नियम कडक होते. मूल झालं की तीन दिवसांच्या आत नगरपालिकेत वर्दी द्यायची. वर्दी द्यायला बहुधा बाप जायचा. तो नसेल तर बाळंतपणाला हजर असलेल्यांपैकी कुणी. बरोबर दोन साक्षीदार. बापाचं नाव, वय, व्यवसाय, राहण्याचं ठिकाण, आईचं नाव, जन्माचा दिवस आणि तास हे सगळं लिहिलं जाई, वाचून दाखवलं जाई आणि ज्यांना येई ते सही करत. सही येत नसेल तर तसा शेरा पडे. या एका शेऱ्यावरून कुटुंबाविषयी जेवढं कळतं तेवढं कधीकधी साऱ्या वंशावळीवरून कळत नाही. वहीच्या दोन प्रती निघत. एक गावात राही, दुसरी न्यायालयाकडे जाई. एक प्रत जळाली किंवा पुरात गेली तरी दुसरी उरते. डच पूर्वज इतक्या सहज सापडतात, त्याचं मोठं श्रेय या दुसऱ्या प्रतीला आहे.

तासाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. नेदरलँड्समध्ये कायद्याने सबंध देशासाठी एकच वेळ ठरली ती १ मे १९०९ ला. त्याआधी गावोगावची घड्याळं आपापल्या सूर्याप्रमाणे चालत. १८५३ मधले झुंडर्टचे ११ हे झुंडर्टचेच ११ होते.

आणि मृत जन्मलेलं मूल? त्याची नोंद जन्माच्या वहीत होत नसे. १८०६ च्या फ्रेंच हुकमानुसार ती मृत्यूच्या वहीत ‘निर्जीव’ या शेऱ्याने होई. हाच शेरा जिवंत जन्मून वर्दीच्या आत, म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांत गेलेल्या मुलांनाही लागे. असं मूल क्षणभर रडलं होतं की नव्हतं हे वहीतून कळत नाही आणि जन्माच्या वहीत त्याचा मागमूस नसतो. वर दिलेले बालमृत्यूचे आकडे यामुळे प्रत्यक्षाहून थोडे कमीच भरतात. कुणाच्या वंशवृक्षात लग्न आणि पहिलं मूल यांत तीन-चार वर्षांचं रितं अंतर दिसलं, तर मृत्यूच्या वह्या जरूर पाहाव्यात.

जन्मनोंद हवी होती ती मुख्यतः सरकारला. तरुणांना लष्कराच्या सोडतीला उभं राहावं लागे आणि ते कोणत्या वर्षीच्या तुकडीत जाणार हे जन्मसालावर ठरे. नंबर लागलेला श्रीमंत माणूस पैसे मोजून आपल्या जागी दुसऱ्याला पाठवू शके. ही सोय १८९८ मध्ये बंद झाली. गरिबाच्या मुलासाठी मात्र ही तारीख टाळता न येणारी होती.

१८५३ हे साल

१८४९ च्या खानेसुमारीत नेदरलँड्सची लोकसंख्या ३० लाख ५७ हजारांच्या आसपास भरली. या लोकांनी नुकतंच काय सोसलं होतं? १८४५ च्या उन्हाळ्यात बेल्जियमच्या बाजूने बटाट्यावरचा करपा आला. त्या वर्षी डच बटाट्याचं पीक नेहमीच्या सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. पुढच्या वर्षी राय या धान्यानेही दगा दिला. बटाटा आणि रायची भाकरी हेच गरिबाचं दोन वेळचं जेवण होतं. आयर्लंडच्या दुष्काळाची कथा जगाला माहीत आहे. त्याच करप्याने नेदरलँड्समध्ये नेहमीपेक्षा सुमारे ६० हजार अधिक माणसं नेली हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. लगोलग १८४८–४९ मध्ये पटकीची साथ आली आणि तिने २० हजारांहून अधिक बळी घेतले. १८५३ मध्ये आई झालेली प्रत्येक डच बाई या चार-पाच वर्षांतून गेलेली होती. १८४६-४७ मध्ये कमी मुलं जन्मली, कमी लग्नं झाली. तुमच्या माहितीतल्या कुणाचा डच पूर्वज १८४७ चा असेल, तर तो अगदी कठीण वेळी जन्मलेल्या मोजक्यांपैकी एक आहे.

या भुकेच्या खुणा हाडांत राहिल्या. १८६० च्या दशकात लष्करी तपासणीला आलेल्या डच तरुणांची सरासरी उंची १६५ सेंटिमीटरच्या आसपास होती. आज १९ वर्षांचा डच मुलगा सरासरी जवळपास १८३ सेंटिमीटर उंच असतो आणि डच माणूस जगात उंच म्हणून ओळखला जातो. दीडशे वर्षांत सतरा-अठरा सेंटिमीटर. एवढ्या काळात वंश बदलत नाही. ताटातलं अन्न आणि पिण्याचं पाणी बदलतं.

झुंडर्टच्या त्या घराला १८५३ च्या वसंतात आणखी एक घोर होता. २७ मार्चला ईस्टर झाला. मूल जन्मलं त्यानंतर तिसऱ्या दिवशी. त्याच महिन्यात, ४ मार्चला, पोपने नेदरलँड्समध्ये कॅथलिक बिशपांची व्यवस्था पुन्हा उभी केली होती. सोळाव्या शतकातल्या धर्मयुद्धांनंतर ती मोडली होती. देशभरचे प्रोटेस्टंट खवळले. निषेधाच्या अर्जांवर सुमारे २ लाख सह्या झाल्या आणि एप्रिलमध्ये थोरबेके यांच्या मंत्रिमंडळाला पायउतार व्हावं लागलं. उत्तरेत प्रोटेस्टंट बहुसंख्य होते. झुंडर्टमध्ये गणित उलटं होतं. सारं गाव कॅथलिक आणि थिओडोरसची मंडळी मूठभर. शेजाऱ्यांशी संबंध न बिघडवता आपल्या माणसांना सांभाळणं हे त्याचं त्या महिन्यातलं काम, आणि घरात तान्हं मूल.

थोडं रोजच्या जगण्याविषयी. पोस्टाचं तिकीट देशात १ जानेवारी १८५२ ला आलं होतं, त्यामुळे नातेवाइकांना बाळाची बातमी कळवणं सोपं झालं होतं. मत देण्याचा हक्क कर भरणाऱ्यांनाच होता. प्रौढ पुरुषांत दहातल्या एकाला जेमतेम, बायकांना मुळीच नाही. सक्तीचं शिक्षण नव्हतं; तो कायदा १९०० मध्ये ५० विरुद्ध ४९ मतांनी मंजूर झाला, कारण विरोधातला एक सभासद घोड्यावरून पडल्यामुळे सभागृहात येऊ शकला नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात राबवायला मनाई झाली ती १८७४ मध्ये. आणि सरकारी तिजोरीतला सुमारे एक तृतीयांश पैसा त्या दशकात जावा या डच वसाहतीतल्या शेतकऱ्यांकडून येत होता. त्यांच्यावर ऊस, कॉफी, नीळ पिकवण्याची सक्ती होती. डच घरातल्या पाळण्याचा हिशेब करताना हा आकडा सोडून देणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

१८११ च्या पलीकडे

पूर्वज १८११ च्या आधीचा असेल तर बहुधा जन्मतारीख मिळतच नाही. मिळतो तो बाप्तिस्म्याचा दिवस. ॲमस्टरडॅममधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या १५६४ पासूनच्या आहेत. चर्चला मूल केव्हा जन्मलं याच्याशी फारसं कर्तव्य नव्हतं, ते धर्मात केव्हा आलं हे महत्त्वाचं होतं.

१६३२ च्या शरद ऋतूत हॉलंडमध्ये जन्मलेले तिघे पाहा. चित्रकार व्हर्मिअर : डेल्फ्टच्या नव्या चर्चमध्ये ३१ ऑक्टोबरला बाप्तिस्मा, जन्मतारखेची नोंद नाही. सूक्ष्मदर्शकातून जिवाणू पाहणारा लेवेनहूक : जन्म २४ ऑक्टोबरचा आणि त्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा ४ नोव्हेंबरला, मधे ११ दिवस. तत्त्वज्ञ स्पिनोझा : जन्म २४ नोव्हेंबर, ॲमस्टरडॅम; पण घर पोर्तुगालहून आलेल्या ज्यूंचं, त्यामुळे चर्चच्या कुठल्याच वहीत तो असणं शक्य नव्हतं. एका महिन्यात जन्मलेल्या तीन मुलांच्या तीन तऱ्हा. व्हर्मिअरच्या नावापुढे ३१ ऑक्टोबर ही जन्मतारीख म्हणून कुणी छापली, की ती चूक धरायची.

तारीख मिळाली तरी प्रश्न उरतो : कुठल्या दिनदर्शिकेतली? पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये सुधारलेली दिनदर्शिका आणली आणि हॉलंड, झीलंड या प्रांतांनी ती १५८२ च्या डिसेंबरपासून १५८३ च्या जानेवारीपर्यंत स्वीकारली. उरलेल्या प्रांतांनी पोपचं ऐकायला नकार दिला. त्यांचा हट्ट जवळजवळ ११८ वर्षं टिकला. गेल्डरलँडने ३० जून १७०० नंतर थेट १२ जुलै मोजला. उट्रेक्ट आणि ओव्हरआयसेलने ३० नोव्हेंबर १७०० नंतर १२ डिसेंबर. फ्रीसलंड आणि ग्रोनिंगनने ३१ डिसेंबर १७०० नंतर १२ जानेवारी १७०१. ड्रेंथ सर्वांत शेवटी, ३० एप्रिल १७०१ नंतर १२ मे. ग्रोनिंगन शहराने तर १५८३ मध्ये नवी पद्धत घेऊन १५९४ मध्ये ती टाकली होती.

परिणाम काय? ॲमस्टरडॅम आणि उट्रेक्ट यांत पस्तीस-चाळीस किलोमीटर. २५ डिसेंबर १६५० ला उट्रेक्टमध्ये नाताळात जन्मलेलं मूल ॲमस्टरडॅमच्या हिशेबाने ४ जानेवारी १६५१ चं. तारीखच काय, सालही वेगळं. २९ फेब्रुवारी १७०० हा दिवस उट्रेक्टमध्ये होता, ॲमस्टरडॅममध्ये नव्हता. ५ जुलै १७०० हा दिवस गेल्डरलँडमधल्या आर्नहेममध्ये उगवलाच नाही. उट्रेक्टच्या पूर्वजाची २९ फेब्रुवारी १७०० ही तारीख संगणकाने नाकारली, तर संगणकाचं ऐकू नये. मूळ वही बरोबर असू शकते. देशाच्या दक्षिण टोकाला लिम्बर्गमध्ये तर १८०५ अखेरपर्यंत फ्रेंच क्रांतीच्या दिनदर्शिकेतल्या तारखा भेटतात. तिथला १० निवोज, वर्ष १४ म्हणजे ३१ डिसेंबर १८०५.

मराठी वाचकाला हा घोळ परका नाही. डच कंपनीने १६३७ मध्ये वेंगुर्ल्याला वखार घातली. तिथले डच कारकून हॉलंडच्या नव्या पद्धतीने तारखा लिहीत. सुरत, राजापूर, कारवारचे इंग्रज १७५२ पर्यंत जुन्या पद्धतीला धरून होते आणि १७०० पूर्वी दहा दिवस मागे होते. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ या दिवशी रायगडावर छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. इंग्रज वकील ऑक्झेंडेनच्या हिशेबाने तो दिवस ६ जून १६७४ आणि आपण आजही तीच तारीख पाळतो. वेंगुर्ल्याच्या डच पद्धतीने तोच दिवस १६ जून येतो. शिवकालाचा अभ्यास करणाऱ्याला डच कागद आणि इंग्रज कागद शेजारी ठेवताना हे दहा दिवस दर वेळी वळते करावे लागतात.

याच वह्या, दुसऱ्या हातांत

१८५० पासून डच नगरपालिकांनी माणसामागे माणूस नोंदणारी लोकसंख्या-वही ठेवायला सुरुवात केली. कोण कुठे राहतो, कधी आला, कुठे गेला, धर्म कोणता. वंशशोधकाला याहून मोलाचं साधन नाही. दुसऱ्या महायुद्धात, जर्मन ताब्याच्या काळात, हीच वही माणसं शोधायला वापरली गेली. देशातल्या सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाख २ हजारांच्या आसपास मारले गेले. पश्चिम युरोपातल्या व्याप्त देशांत इतकं मोठं प्रमाण दुसरीकडे नाही, आणि नोंदींचा नेटकेपणा हे त्याचं एक कारण होतं. २७ मार्च १९४३ च्या रात्री चित्रकार, शिल्पकार, विद्यार्थी अशा प्रतिकार गटाने ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयाला आग लावली. सुमारे ८ लाख कार्डांपैकी १५ टक्के नष्ट झाली. पकडलेल्या बारा जणांना १ जुलैला गोळ्या घातल्या गेल्या. त्या जळालेल्या कार्डांमुळे कुणाचा वंशवृक्ष अपुरा राहिला असेल, तर तो तसाच राहू द्यावा. काही माणसं त्यामुळे वाचली.

दोनच वर्षांनी आलेल्या भुकेच्या हिवाळ्यात, १९४४ च्या डिसेंबरपासून १९४५ च्या एप्रिलपर्यंत, पश्चिम भागातल्या शहरांचं रोजचं शिधापत्रकावरचं अन्न ४०० ते ८०० कॅलरींवर आलं. सुमारे २० हजार माणसं दगावली. त्या आगेमागे, १ नोव्हेंबर १९४३ ते २८ फेब्रुवारी १९४७ या काळात, ॲमस्टरडॅमच्या एका रुग्णालयात जन्मलेल्या २,४१४ बालकांचा माग संशोधकांनी पुढे अनेक दशकं ठेवला, तो याच जन्मनोंदी आणि लोकसंख्या-वह्यांच्या आधाराने. आईच्या पोटात असताना उपासमार सोसलेल्यांच्या रक्तात पन्नाशीनंतर साखर अधिक आढळली. गर्भारपणाच्या सुरुवातीलाच भूक आली त्यांच्यात हृदयविकार अधिक. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बालकांवर केलेलं संशोधन याच प्रश्नाला भिडतं. तिथलं मूल सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनचं ३.५ किलोचं, पण आपल्या बारीक मुलाच्या अंगात चरबी त्या मानाने अधिक. डच जन्मतारखांनी उघडलेली वाट अशी आपल्या मधुमेहापर्यंत येते.

शोध घेणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. नेदरलँड्समध्ये मृत्यूची नोंद ५० वर्षांनी, विवाहाची ७५ वर्षांनी आणि जन्माची १०० वर्षांनी सर्वांना खुली होते. सुरुवात विवाहाच्या नोंदीपासून करावी. एकोणिसाव्या शतकातल्या लग्नाला वधूवरांच्या जन्मनोंदीचे उतारे, वराचा लष्करी दाखला आणि आईवडील हयात नसतील तर त्यांच्या मृत्यूचे दाखले जोडावे लागत; एका लग्नातून तीन पिढ्या हाती लागतात. आणि तारीख उतरवून घेताना तिच्यापुढे वहीचं नाव, गाव आणि जन्म की बाप्तिस्मा हे अवश्य लिहा. १७०१ च्या आधीची असेल तर प्रांतही लिहा.